हवेचा रोध, कागद आणि शाळा : विज्ञानशिक्षणाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित धागा (चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील दहावीच्या विद्यार्थ्याला २०१८ साली आलेल्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विषयाच्या पाठ्यपुस्तकात पहिल्याच पाठात गुरुत्वाकर्षण भेटते. मुक्त पतनाची व्याख्या शिकताना त्याला एक अटही शिकावी लागते. वस्तूवर केवळ गुरुत्वीय बल कार्य करीत असेल तरच ते मुक्त पतन. हवेचा रोध असेल तर नव्हे. विद्यार्थी ही अट पाठ करतो, उदाहरणे सोडवितो आणि हवेला हिशेबातून वगळून पुढे जातो. वास्तविक त्याने आजवर पाहिलेली प्रत्येक पडती वस्तू हवेतूनच पडलेली असते. निर्वात त्याने कधी पाहिलेला नसतो. ज्याचा अनुभव नाही ते नियम म्हणून आणि ज्याचा अनुभव रोजचा आहे ते अपवाद म्हणून शिकविले जावे, ही आपल्या विज्ञानशिक्षणातील एक जुनी विसंगती होय.

ही विसंगती दूर करणारे अत्यंत सोपे साधन म्हणजे कागद. कागद हलका असतो, त्याचे पृष्ठफळ मोठे असते आणि त्याचा आकार हाताने बदलता येतो. त्यामुळे हवेचा रोध जो दगडाच्या बाबतीत नजरेस येत नाही, तो कागदाच्या बाबतीत सहज दिसतो. कागदी भिंगरी, कागदी छत्री, कागदी शंकू या साधनांचा परिचय आपल्या शिक्षकांना नाही असे नाही. मात्र ही साधने आपल्याकडे 'कमी खर्चाची' म्हणून ओळखली गेली. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे चालवून घ्यावयाची वस्तू, असा अर्थ त्यांना चिकटला. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की हा अर्थ इतिहासाला धरून नाही. हवेच्या रोधाचे विज्ञानच मुळात हलक्या, पातळ आणि हाताने बनविलेल्या वस्तूंच्या पतनातून पुढे गेले. कागद हा प्रयोगशाळेचा पर्याय म्हणून आलेला नसून या विषयापुरती तीच मूळ प्रयोगशाळा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील शाळांच्या दृष्टीने हा फरक केवळ शाब्दिक नाही, हेही पुढे स्पष्ट होईल.

२. पडत्या वस्तूंचा इतिहास

गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात जड व हलक्या वस्तूंच्या पतनातील फरक माध्यमाच्या रोधामुळे पडतो, असा विचार मांडला. पुढे रॉबर्ट बॉईलच्या काळात हवा काढून घेणारा पंप उपलब्ध झाला आणि निर्वातात पीसही झपाट्याने खाली येते हे दाखविता आले. चंद्रावर हवा नसल्याने १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी हातोडा आणि ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडून हाच प्रयोग जगाला दाखविला. इतिहासाची ही बाजू सर्वश्रुत आहे. ती हवेला दूर सारण्याची बाजू आहे.

दुसरी बाजू हवेला मोजण्याची आहे आणि ती तुलनेने कमी सांगितली जाते. न्यूटनच्या १६८७ सालच्या 'प्रिन्सिपिया'चा दुसरा खंड प्रामुख्याने रोधक माध्यमातील गतीला वाहिलेला आहे. गोल वस्तूला होणारा हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा त्यातील एक महत्त्वाचा विचार. त्याची पडताळणी करण्यासाठी लंडन येथील सेंट पॉल कॅथीड्रलच्या उंचीचा उपयोग करण्यात आला. १७१० साली फ्रान्सिस हॉक्सबी यांनी तेथून काचेचे गोल सोडले. पाऱ्याने भरलेले गोल सुमारे चार सेकंदांत खाली आले, तर केवळ हवा असलेल्या गोलांना त्याच्या सुमारे दुप्पट वेळ लागला. १७१९ साली देसागुलिए यांनी तेथेच २७२ फुटांवरून आणखी हलक्या वस्तू सोडल्या. या वस्तू होत्या डुकराच्या मूत्राशयाचे फुगे. ओले मूत्राशय लाकडाच्या पोकळ गोलात बसवून, त्यात हवा भरून व वाळवून त्यांना गोल आकार दिला होता. सोबत सोडलेले शिशाचे गोळे सुमारे सव्वाचार सेकंदांत जमिनीवर आले. फुग्यांना सतरा ते बावीस सेकंद लागले.

'प्रिन्सिपिया'च्या नंतरच्या आवृत्तीत या प्रयोगाची नोंद घेताना न्यूटनने काही फुगे सरळ न पडता हेलकावत आले आणि एका फुग्यास सुरकुत्या असल्याने त्याला थोडा अधिक वेळ लागला, हेही नमूद केले आहे. शिक्षकाच्या दृष्टीने ही नोंद मोलाची आहे. वर्गात कागद वेडावाकडा पडला की प्रयोग 'फसला' असे समजून तो बाजूला ठेवला जातो. न्यूटनने मात्र वेडावाकडेपणाचा संबंध वेळेशी जोडला आणि ती नोंद कायम ठेवली.

कागद प्रत्यक्ष या इतिहासात येतो तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या लेखनातून. १८५४ साली, वयाच्या विशीत असताना, त्यांनी रोधक माध्यमातून पडणाऱ्या वस्तूच्या एका विशिष्ट प्रकारावर निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता कागदाची पट्टी. अशी लांबट आयताकृती पट्टी आडवी धरून सोडली तर ती प्रथम हेलकावे खाते, नंतर आपल्या लांब अक्षाभोवती गरगर फिरू लागते आणि सरळ खाली न येता एका बाजूस तिरपी सरकत उतरते. हे असे का व्हावे, या प्रश्नाचा शोध मॅक्सवेल यांनी त्यात घेतला. पुढे विद्युतचुंबकत्वाचा सिद्धांत मांडणाऱ्या शास्त्रज्ञाला कागदाचा कपटा अभ्यासास क्षुल्लक वाटला नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. विशेष म्हणजे हा प्रश्न तेथेच संपला नाही. पडत्या पट्टीची हेलकावणारी व गरगरणारी गती हा विसाव्या आणि एकविसाव्या शतकातही द्रायुगतिकीच्या संशोधनाचा विषय राहिला आहे. पंखधारी बिया गिरक्या घेत सावकाश कशा उतरतात याचे स्पष्टीकरण देणारे, पंखाच्या पुढच्या कडेलगत टिकून राहणाऱ्या भोवऱ्याचा शोध मांडणारे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले.

३. शाळेत आलेला कागद

शाळेमध्ये कागद लेखनाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी आला तो फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रोबेलने कागदाच्या घड्या घालणे व कातरकाम यांना शिक्षणक्रमात स्थान दिले. त्यातूनच प्रेरणा घेऊन मद्रास येथील टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांद्वारे भूमिती शिकविणारे पुस्तक प्रसिद्ध केले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतल्यामुळे ते पुढे युरोप-अमेरिकेतही पोहोचले. कागदाची घडी ही करमणूक नसून सिद्धता असू शकते, हे एका भारतीय शिक्षणप्रेमीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले होते.

चंद्रपूरच्या शेजारच्या वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. हाताने केलेल्या कामातून ज्ञानाकडे जावे, हे तिचे मूलसूत्र होते. सूतकताईच्या आधारे गणित, भूगोल व विज्ञान शिकविण्याचा प्रयत्न तेथे झाला. या योजनेच्या यशापयशाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. हाताचे काम आणि बुद्धीचे काम यांची फारकत करू नये, हा आग्रह मात्र विदर्भाच्या भूमीवरून देशासमोर मांडला गेला, एवढे नोंदविणे आवश्यक आहे.

साध्या साधनांनी विज्ञान शिकविण्याच्या चळवळीला आंतरराष्ट्रीय रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धात शाळा व प्रयोगशाळा उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शिक्षकांसाठी जे. पी. स्टीफन्सन यांनी तयार केलेली पुस्तिका युनेस्कोने १९४८ साली काढली. तिचाच विस्तार होऊन १९५६ साली विज्ञानशिक्षकांसाठी युनेस्कोचे सुप्रसिद्ध संदर्भपुस्तक तयार झाले आणि जगातील अनेक भाषांत गेले. या पुस्तकाचे उपकार मोठे आहेत. तथापि त्याच्या जन्मकथेतच पुढील गैरसमजाचे बीज आहे. साधी साधने येथे उद्ध्वस्त प्रयोगशाळेची भरपाई म्हणून आली. त्यामुळे नवस्वतंत्र देशांत ती 'जोवर खरी उपकरणे येत नाहीत तोवर' वापरावयाची साधने ठरली. न्यूटन आणि मॅक्सवेल यांच्या हातातील फुगा व पट्टी जेव्हा शाळेत पोहोचली, तेव्हा तिच्यावर दारिद्र्याचा शिक्का बसला होता.

४. सत्तरचे दशक : चार समांतर आरंभ

भारतात हा शिक्का पुसण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न १९७२ साली मध्य प्रदेशात सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. दिल्ली विद्यापीठातील अध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. १९७८ साली तो संपूर्ण जिल्ह्यात नेण्यात आला आणि १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. मुलांनी गटात प्रयोग करावा, नोंद करावी, चर्चा करावी आणि त्यानंतरच निष्कर्ष लिहावा, अशी त्याची रचना होती. या कार्यक्रमाचे खरे वैशिष्ट्य साहित्यात नसून व्यवस्थेत होते. शिक्षकांच्या नियमित मासिक बैठका होत असत. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे आणि प्रात्यक्षिकाला गुण असत. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला.

१९७८ साली याच कार्यक्रमात पुण्यातील टेल्को कंपनीतून रजा घेऊन आलेले तरुण अभियंते अरविंद गुप्ता दाखल झाले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांपासून त्यांनी बनविलेल्या रचना पुढे प्रसिद्ध झाल्या. नंतरच्या काळात पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २०१४ पर्यंत त्यांनी काम केले आणि टाकाऊ वस्तूंपासून बनणारी शेकडो खेळणी मराठीसह अनेक भाषांत मुक्तपणे उपलब्ध करून दिली. त्यांत कागदी हेलिकॉप्टर आहे, तसाच 'उडता मासा'ही आहे. कागदाच्या पट्टीला दोन्ही टोकांजवळ विरुद्ध कडांनी अर्ध्यापर्यंत काप द्यावयाचे व ते एकमेकांत अडकवावयाचे. उंचावरून सोडताच हा मासा गरगरत खाली येतो. मॅक्सवेलच्या पट्टीचाच हा वंशज होय. २०१८ साली गुप्ता यांना पद्मश्री सन्मान मिळाला.

याच सुमारास महाराष्ट्रात तीन गोष्टी घडत होत्या. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे ग्रामीण शाळांतील विज्ञान व गणित शिक्षणाचा प्रकल्प राबविला. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांची भाषाच ग्रामीण विद्यार्थ्याच्या आकलनाच्या आड येते का, या प्रश्नाचाही त्या केंद्राच्या अभ्यासकांनी गांभीर्याने विचार केला. तिसरी गोष्ट तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागात घडली. १९७३ साली भामरागड परिसरातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांच्या प्रेरणेने लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ साली तेथे माडिया गोंड मुलांसाठी आश्रमशाळा उघडली.

या चार आरंभांचा एकत्र विचार केला तर एक चित्र स्पष्ट होते. सातपुड्याच्या एका बाजूला विज्ञान प्रयोगातून शिकावे की पुस्तकातून, हा वाद चालू असताना इंद्रावती आणि पर्लकोटेच्या खोऱ्यात अनेक कुटुंबांतील पहिले मूल शाळेच्या दारात पाऊल टाकत होते. त्याच्यासाठी शाळेत जाणे हीच मोठी घटना होती. प्रयोगाधारित विज्ञानाची चळवळ आणि वनप्रदेशातील शिक्षणाचा प्रसार हे दोन प्रवाह एकाच दशकात निघाले, परंतु त्यांचा संगम व्यापक प्रमाणावर झाला नाही.

५. वेळापत्रकातील फाळणी

हा संगम न होण्याचे एक कारण शाळेच्या वेळापत्रकात शोधता येते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाला सर्वसाधारण शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले होते. अंमलबजावणीत मात्र कार्यानुभव हा स्वतंत्र तास झाला. कागदकाम, मातीकाम आणि शिवणकाम तेथे गेले. बल, वेग आणि रोध विज्ञानाच्या तासाला राहिले. अध्यापक विद्यालयांतही हीच विभागणी रुजली. एकच शिक्षक मंगळवारी कागदी भिंगरी बनवून घेतो आणि गुरुवारी हवेचा रोध फळ्यावर लिहून देतो, परंतु या दोन तासांचा एकमेकांशी परिचय होत नाही. भिंगरीला गुण मिळतात ते नीटनेटकेपणाचे; ती किती वेळात खाली आली याचे नव्हेत.

दुसरे कारण साहित्यपुरवठ्याच्या कल्पनेत आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून 'खडू-फळा मोहीम' राबविण्यात आली आणि प्राथमिक शाळांना विज्ञानपेटी देण्यात आली. हेतू स्तुत्य होता. मात्र जी वस्तू शासकीय नोंदवहीत चढते ती मोडली तर शिक्षकाला उत्तर द्यावे लागते. साहजिकच अनेक पेट्या कपाटातच राहिल्या, ही तक्रार शिक्षणक्षेत्रात वारंवार केली गेली. कागदाला नोंदवहीची भीती नाही. तो फाटला तर दुसरा घेता येतो आणि फाटण्याची मुभा असल्याशिवाय प्रयोग होत नाही.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५, शिक्षणहक्क कायदा २००९ आणि त्यानंतर आलेले सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन यांनी ज्ञानरचनावादाची भाषा शाळेपर्यंत आणली. कृतीला कागदोपत्री प्रतिष्ठा मिळाली. पण कृती करून घेणे म्हणजे विज्ञान शिकविणे नव्हे. भिंगरी उडाली, मुलांनी टाळ्या वाजविल्या आणि तास संपला, तर ती कृती करमणुकीच्या पलीकडे जात नाही. कृतीचे रूपांतर प्रयोगात होण्यासाठी एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदलावी लागते आणि काय घडेल हे आधी सांगून मग पाहावे लागते.

६. चार कागदी प्रयोग आणि त्यांचा आशय

हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी चार प्रयोगांचा क्रम येथे मांडला आहे. त्यांना कागद, कात्री आणि टाचणी याखेरीज काही लागत नाही.

पहिला प्रयोग दोन सारख्या कागदांचा. एक सपाट ठेवावा, दुसऱ्याचा बोळा करावा आणि दोन्ही एकाच उंचीवरून सोडावेत. बोळा आधी पडतो. दोहोंचे वजन सारखेच असल्याने 'जड वस्तू लवकर पडते' हे उत्तर येथे टिकत नाही. पुढे सपाट कागदाचा पुस्तकापेक्षा लहान तुकडा पुस्तकावर ठेवून दोन्ही एकत्र सोडावेत. पुस्तक खालची हवा बाजूला सारते आणि कागद त्याच्याबरोबरच खाली येतो. निर्वात पंपाशिवाय निर्वाताच्या जवळ जाणारा हा सर्वांत सोपा मार्ग होय.

दुसरा प्रयोग भिंगरीचा. कागदाची पट्टी अर्ध्यापर्यंत चिरून दोन पाती विरुद्ध दिशांना वाकवावीत आणि खालच्या टोकाला टाचणी लावावी. पडताना ती फिरते. पाती उलट बाजूंना वाकविली की फिरण्याची दिशा उलटते. पात्यावर आदळणारी हवा खाली व बाजूला ढकलली जाते आणि तिची प्रतिक्रिया पात्यावर होते, हा न्यूटनचा तिसरा नियम मुलाला आपल्या डोळ्यांसमोर पाहता येतो.

तिसरा प्रयोग मॅक्सवेलच्या पट्टीचा. लांबी व रुंदी यांचे प्रमाण बदलत जावे आणि पट्टी किती दूर सरकते ते जमिनीवर खडूने नोंदवावे. येथे शिक्षकालाही उत्तर आधी ठाऊक नसते आणि हेच या प्रयोगाचे बलस्थान आहे.

चौथा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यातून घड्याळाशिवाय एक नियम मोजता येतो. एकाच मापाच्या वर्तुळांपासून कागदाचे पाच सारखे उथळ शंकू करावेत. एक शंकू टोक खाली करून सोडला असता तो थोड्याच अंतरात स्थिर वेग धारण करतो. आता चार शंकू एकात एक बसवावेत. आकार तोच राहतो, वजन चौपट होते. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असेल तर चौपट वजन तोलण्यासाठी वेग दुप्पट व्हावा लागेल. म्हणून एक शंकू एक मीटर उंचीवरून आणि चार शंकूंचा संच दोन मीटर उंचीवरून एकाच क्षणी सोडावा. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी जमिनीला टेकतात. रोध नुसत्या वेगाच्या प्रमाणात असता तर वेग चौपट झाला असता आणि संच पुष्कळ आधी पोहोचला असता. बारकाईने पाहिल्यास चारांचा संच किंचित मागे राहतो, कारण अधिक वेग धारण करण्यास त्याला अधिक काळ लागतो. सेंट पॉलच्या घुमटाखाली ज्या नियमाची पडताळणी झाली, तोच नियम शाळेच्या व्हरांड्यात अशा रीतीने तपासता येतो.

या प्रयोगाचा संकल्पनात्मक लाभ त्याहून मोठा आहे. शंकू स्थिर वेगाने पडत असतो तेव्हा त्याचे वजन आणि हवेचा रोध परस्परांना तोलून धरतात. निव्वळ बल शून्य असते. बले संतुलित झाली की वस्तू थांबते, ही समजूत मुलांमध्ये आणि अनेकदा पदवीच्या विद्यार्थ्यांमध्येही खोलवर असते. फ्रान्समधील लॉरेन्स व्हिएनो यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासापासून अनेक देशांत ती दिसून आली आहे. संतुलित बलांखाली चालू राहणारी गती प्रत्यक्ष दाखविणारी उदाहरणे शाळेत फार थोडी असतात. पडता कागदी शंकू हे त्यांपैकी एक आहे.

७. चंद्रपूर-गडचिरोलीचा संदर्भ

पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ साली चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के आहे; चंद्रपूरमध्ये ते सुमारे १७.७ टक्के आहे. माडिया गोंड आणि कोलाम या राज्यातील विशेष असुरक्षित आदिम जमाती येथे राहतात. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर व चिमूर या पाच प्रकल्प कार्यालयांच्या अखत्यारीत आश्रमशाळांचे जाळे आहे. घरी माडिया, गोंडी किंवा कोलामी बोलणारे मूल तेथे बहुधा मराठी माध्यमातून शिकते.

अशा मुलाला 'रोध' हा शब्द दुहेरी अनोळखी असतो. तो त्याच्या घरच्या भाषेत नाही आणि बोलल्या जाणाऱ्या मराठीतही सहसा नाही. 'बल' या शब्दाचा व्यवहारातील अर्थ शारीरिक ताकद असा असल्याने पडणाऱ्या कागदावर हवेचे 'बल' कार्य करते हे वाक्य त्याला अर्थशून्य वाटू शकते. येथे कागदाचे महत्त्व निराळेच ठरते. घटना आधी घडते, ती मूल आपल्या भाषेत सांगते आणि पारिभाषिक शब्द शेवटी येतो. संज्ञा ही अनुभवाचे नाव म्हणून मिळाली तर ती टिकते; अनुभवाऐवजी मिळाली तर ती परीक्षेपुरती राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतील अध्यापनाची शिफारस केली आहे. तिचा खरा कस विज्ञानाच्या तासाला लागणार आहे.

दुसरी बाब परिसराची. उन्हाळ्याच्या तोंडावर या जंगलात कागदी प्रतिकृतींचे मूळ नमुने झाडांवरून खाली येत असतात. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात. बिजाची शेंग गोल चकतीसारखी असून तिच्या कडेने पातळ पंख असतो. वावळीचे फळ कागदासारखे पातळ असते. पळसाच्या चपट्या शेंगेत बी एका टोकाला असते व उरलेला भाग पंखाप्रमाणे मोकळा राहतो. महारुखाच्या लांबट फळाला किंचित पीळ असतो आणि ते आपल्या लांब अक्षाभोवती गरगरत उतरते. काटेसावरीची बी कापसावर तरंगत जाते. या प्रत्येक रचनेत तीच युक्ती आहे : वजन कमी, पृष्ठ मोठे, उतरण्याचा वेग मंद आणि म्हणून वाऱ्याबरोबर दूर जाण्यास अवधी अधिक. शहरातील मुलाला कागदापासून बीजाकडे जावे लागते. येथील मूल बीजापासून कागदाकडे येऊ शकते. जे फळ त्याने गुरे राखताना किंवा मोहफुले वेचताना शेकडो वेळा पाहिले आहे, त्याची प्रतिकृती करून त्याचा एक पंख कापला तर काय होईल, हा प्रश्न त्यालाच अधिक अधिकाराने विचारता येतो.

तिसरी बाब कागदाची. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्याने याच वनांतील बांबू कच्चा माल म्हणून वापरला. या जिल्ह्यांच्या बांबूपासून बनलेला कागद देशभराच्या वह्या-पुस्तकांत गेला. २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा बांबू कोणाचा या प्रश्नाला एक उत्तर मिळाले. त्या गावाच्या वाटचालीत अभ्यासगटांचे स्थान मोठे आहे. निर्णयापूर्वी एकत्र बसून विषय समजून घ्यावा, शंका विचाराव्यात आणि पटल्यावरच पुढे जावे, ही तेथील रीत. विज्ञानाच्या वर्गाकडून आपण याहून वेगळी अपेक्षा करीत नाही. कागद काय आहे, तो कुठून आला आणि तो हवेत कसा पडतो, हे तिन्ही प्रश्न या जिल्ह्यांतील मुलासाठी एकाच परिसराचे आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कागद ही या विषयाची मूळ प्रयोगशाळा आहे, असे म्हणताना आश्रमशाळांना अन्य प्रयोगशाळा नको, असा अर्थ काढणे घातक ठरेल. विद्युत, रसायन, सूक्ष्मजीव यांच्या अभ्यासाला उपकरणे लागतातच आणि ती मिळणे हा या मुलांचा हक्क आहे. 'कमी खर्चाचे विज्ञान' हे ज्यांच्यावर कमी खर्च करावयाचा आहे त्यांचे विज्ञान ठरू नये. म्हणूनच कागदी शंकूचा प्रयोग भामरागडच्या शाळेत जितका आवश्यक आहे, तितकाच तो नागपूर-पुण्याच्या सुसज्ज प्रयोगशाळेतही आवश्यक आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. हवेच्या रोधाच्या अभ्यासात हलक्या व साध्या वस्तूंचे स्थान आरंभापासून मध्यवर्ती होते; त्यांना पर्यायी साधनाचा दर्जा मिळाला तो युद्धोत्तर परिस्थितीमुळे व पुढील पुरवठाकेंद्री योजनांमुळे. कार्यानुभव आणि विज्ञान यांच्या वेळापत्रकीय विभागणीमुळे कागदी प्रतिकृती कौशल्याची वस्तू राहिली, मापनाची झाली नाही. होशंगाबादच्या अनुभवातून असे दिसते की साहित्यापेक्षा शिक्षकांच्या बैठका, परीक्षेचे स्वरूप आणि प्रशासनाची संमती या बाबी निर्णायक ठरतात. त्या काढून घेतल्या की तीस वर्षांचे कामही थांबते.

या दृष्टीने महाविद्यालयीन अध्यापकांची जबाबदारी विशेष आहे. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील विज्ञान पदवीधरांमधून येथील शाळांचे अनेक शिक्षक घडणार आहेत. पदवीच्या प्रात्यक्षिकात पतनाचा प्रयोग ठरावीक उत्तर काढण्यापुरता राहिला, तर तो पदवीधर शाळेत जाऊन तेच करील. पदवीच्या पहिल्या वर्षाला मॅक्सवेलची पट्टी आणि न्यूटनचा वर्गनियम कागदावर तपासावयास दिले, पळसाच्या शेंगेचा उतरण्याचा वेग मोजावयास सांगितला आणि वेड्यावाकड्या पडलेल्या नोंदीलाही स्थान दिले, तर शिक्षणाच्या या दोन प्रवाहांचा राहून गेलेला संगम घडविण्यास तेथून आरंभ होऊ शकेल. त्यासाठी नव्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत एका नव्या पानाची आणि मूल्यमापनात काही गुणांची तरतूद पुरेशी आहे.